बर्फ आहे म्हणजे डोंगर थंड आहे, असं नाही

प्रश्न असा आहे: "माझी मुलगी नाशिकमधल्या चार मित्रमैत्रिणींबरोबर जानेवारीत चिलीला चालली आहे. तिथल्या व्हियारिका नावाच्या ज्वालामुखीवर चढायचं म्हणते. इथले बरेचसे किल्ले तिचे झालेत, हिमालयात दोन ट्रेकही झालेत. फोटोत तो डोंगर नुसता पांढराशुभ्र दिसतो. एवढा बर्फ आहे म्हणजे आतून थंडच झाला असणार ना? की काळजी करण्यासारखं आहे? जाऊ द्यावं का?"

ताई, आधी उत्तर देतो, कारणं नंतर. जाऊ द्या. मात्र बर्फ आहे म्हणजे डोंगर थंड आहे, ही समजूत काढून टाका. लेकीच्या मनात असेल तर तिच्याही मनातून काढा. व्हियारिका हा दक्षिण अमेरिकेतल्या सर्वांत जागत्या ज्वालामुखींपैकी एक आहे. उंची 2,847 मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या डोक्यावर आणखी बाराशे मीटर. त्याच्या विवरात लाव्हा उघड्यावर खदखदत असतो. अशी लाव्ह्याची तळी जगात मोजकीच आहेत. 3 मार्च 2015 रोजी पहाटे तीनच्या सुमारास तो उसळला, तेव्हा लाव्ह्याचं कारंजं सुमारे दीड किलोमीटर उंच गेलं आणि पायथ्याच्या हजारो लोकांना अंथरुणातून उठवून हलवावं लागलं. तासाभरात सगळं शांत झालं. त्या रात्रीही शिखरावर बर्फ होताच.

मी भूशास्त्र शिकलो, काही वर्षं शिकवलं, आणि गेली सव्वीस वर्षं नाशिकमधून माणसांना डोंगरात नेतो आणि परत आणतो. किलिमांजारो, एल्ब्रुस, दमावंद आणि व्हियारिका या चार ज्वालामुखींवर चढलो आहे. पहिले दोन झोपलेले. पुढच्या दोघांचा श्वास मी स्वतः नाकानं घेतलाय.

बर्फ टिकतो कसा, ते आधी सांगतो. चुलीवर स्वयंपाक होणारं घर तुम्ही पाहिलं असेल तर लगेच कळेल. रात्री निखाऱ्यांवर राख ओढून ठेवली की वरून हात फिरवला तरी चटका बसत नाही. पहाटे राख सारली की आत निखारा लालच. राख काय, दगड काय, दोन्ही उष्णता फार हळू पुढे सरकू देतात. ज्वालामुखीत शिलारस वर येतो तो एका अरुंद नळीतून, आणि तिच्याभोवती शेकडो मीटर जाडीचा दगड आणि राख असते. आतली हजार-अकराशे अंशांची धग बाहेरच्या उतारापर्यंत पोचतच नाही. बाहेरची हवा मात्र दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंशांनी गार होत जाते. निफाडला पारा चार-पाच अंशांवर उतरला की आपले द्राक्षबागायतदार रात्रभर बागेत शेकोट्या करून बसतात. तिथून अडीच-तीन हजार मीटर वर चढा, म्हणजे बर्फ का पडतो आणि का टिकतो हे वेगळं सांगायला नको. बर्फ हवेची थंडी सांगतो. डोंगराच्या पोटात काय चाललंय त्याच्याशी त्याचा संबंध नाही.

आता आपल्या घरची एक गोष्ट, कारण तिच्यावाचून पुढचं नीट समजणार नाही. अंजनेरीला नवी मुलं घेऊन गेलो की एक प्रश्न हमखास येतो: "सर, ब्रह्मगिरी हा जुना ज्वालामुखी आहे का?" नाही. आपल्या पायाखालचा सगळा काळा दगड लाव्हाच आहे, सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीचा. पण तो एका तोंडातून उडालेला नाही. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या, त्यातून पातळ लाव्हा वाहिला आणि थरावर थर पसरत गेला. साल्हेरच्या किंवा धोडपच्या कड्यावर ते थर पायऱ्यांसारखे मोजता येतात. ही थरांची रास नंतर पावसानं, नद्यांनी कोरली, आणि कोरून जे उरलं ते आपले डोंगर. सह्याद्री कोरून उरलेला आहे.

व्हियारिका, फुजी, कोटोपाक्सी हे डोंगर रचून झालेले आहेत. एकाच तोंडातून कधी राख, कधी लाव्हा, कधी दगडगोटे बाहेर पडत राहिले आणि त्याची रास होत गेली. धान्याच्या राशीला जसा आपोआप उतार येतो, तसा त्यांना शंकूचा आकार आला. पाऊस, वारा, हिमनदी त्यांनाही कोरत असतातच. तरी शंकू इतका रेखीव दिसतो, कारण झीज होते त्याहून वेगानं नवा माल वरून येतोय. म्हणून फोटोतल्या ज्या रेषेवर आपण भाळतो, ती रेषाच तो डोंगर जागा असल्याची खूण असते. ज्वालामुखी मेला की काही लाख वर्षांत त्याचे खांदे पडतात, घळी खोल होतात, रूप जातं. तुमच्या लेकीला जे सुंदर वाटलंय ते खरोखर सुंदर आहे. ते रूप कशामुळे टिकलंय, एवढं तिला कळलं पाहिजे.

आणखी एक. रचलेला डोंगर आपल्या बसाल्टच्या कड्यासारखा घट्ट नसतो. भुसभुशीत राख, मध्ये लाव्ह्याचे पत्रे, आणि आतून आम्लयुक्त गरम वाफ फिरून दगडाची माती करत असते. अशा ढिल्या राशीच्या माथ्यावर बर्फ म्हणजे कोट्यवधी लिटर पाण्याची टाकी. आणि टाकीखाली चूल.

यावरून मी मुख्य गोष्टीकडे येतो. बर्फाळ ज्वालामुखीवर माणसं मेली ती बहुतेक लाव्ह्यानं नाही. पाण्यानं मेली, आणि शिखरावर नाही तर दहा, वीस, सत्तर किलोमीटर लांब, नदीकाठी, घरात झोपलेली असताना.

आपण नाशिककरांना पूर शिकवावा लागत नाही. गंगापूर धरणातून विसर्ग वाढवला की क्युसेकचे आकडे फोनवर येतात, भोंगे वाजतात, गोदाघाटावरचे दुकानदार टपऱ्या उचलतात, आणि गावभर एकच चौकशी, दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर आलं? गुडघ्याला, कमरेला, छातीला. 2019 च्या ऑगस्टमध्ये मारुती पाण्याखाली गेलेला आपण सगळ्यांनी पाहिला. हा पूर भयंकर खरा, पण त्याला एक क्रम असतो. आधी आभाळ भरतं, मग त्र्यंबकला पाऊस, मग धरण, मग आपण.

ज्वालामुखीच्या पुराला लाहार म्हणतात. शब्द जावा बेटावरच्या भाषेतला. विवरातून तापलेली राख, वायू आणि दगडांचा लोंढा बर्फावर पसरतो आणि मिनिटांत बर्फ विरघळवतो. ते पाणी उतारावरची सैल राख उचलतं, खाली घळीत शिरतं, वाटेतले दगड, झाडं, पूल घेतं आणि फुगत जातं. खाली पोचेपर्यंत ते पाणी राहिलेलंच नसतं. मिक्सर गाडीच्या पन्हाळीतून स्लॅबचं काँक्रीट ओतताना पाहिलंय ना? ते काँक्रीट वीस-तीस फूट उंचीनं, धावत्या मोटारीच्या वेगानं नदीच्या पात्रातून येतंय असं डोळ्यांपुढे आणा. त्यात पोहता येत नाही. आभाळ निरभ्र असतानाही ते येऊ शकतं.

कोलंबियात नेवाडो देल रुईस नावाचा पाच हजार तीनशे मीटर उंचीचा ज्वालामुखी आहे. नेवाडो म्हणजे स्पॅनिशमध्ये हिमाच्छादित. नावातच बर्फ. 1984 च्या अखेरीस तो कुरकुरू लागला. 1985 च्या सप्टेंबरात एक छोटा स्फोट झाला, एका घळीतून चिखल खाली आला. ऑक्टोबरात शास्त्रज्ञांनी धोक्याचा नकाशा काढला आणि त्यात आर्मेरो हे गाव लाहारच्या वाटेवर स्पष्ट दाखवलं. नकाशा बरोबर होता. गाव ज्या सपाट, सुपीक मैदानावर वसलं होतं ते मैदानच 1845 च्या अशाच चिखलानं बनलेलं होतं. 13 नोव्हेंबरला दुपारी गावात राख पडायला लागली. लोकांना सांगण्यात आलं की शांत राहा, घरातच थांबा. रात्री नऊनंतर खरा उद्रेक झाला, आणि तोही ज्वालामुखींच्या हिशेबानं लहानच. शिखरावरच्या बर्फाचा जेमतेम दहावा हिस्सा वितळला. पण तेवढ्यानं भागलं. सत्तरएक किलोमीटरचं अंतर कापून चिखल रात्री साडेअकराच्या सुमारास आर्मेरोत शिरला. सुमारे 23,000 माणसं गेली.

उद्रेक आणि चिखल यांच्यामध्ये दोन तासांहून जास्त वेळ होता. उंच जागा गावातून चालत जाण्याच्या अंतरावर होती. वर्गात हे सांगताना माझा आवाज अजूनही बसतो. त्या माणसांना हवा होता एक निरोप, आणि अर्ध्या तासाची चाल.

न्यूझीलंडच्या रुआपेहूवर तर उद्रेकाचीही गरज पडली नाही. 1953 साली विवरातल्या तळ्याचा राखेचा आणि बर्फाचा बांध फुटला आणि पाण्यानं तांगीवाईचा रेल्वे पूल खिळखिळा केला. नाताळच्या आदल्या रात्री वेलिंग्टनहून ऑकलंडला निघालेली गाडी त्या पुलावर आली. सिरिल एलिस नावाचा एक वाटसरू बॅटरी हलवत रुळांच्या कडेनं गाडीसमोर धावला, पण गाडी थांबायला अंतर पुरलं नाही. 151 जण गेले. त्या देशानं ते मनावर घेतलं. विवराच्या काठावर आणि नदीत उपकरणं बसवली, पुलांना इशारा-यंत्रणा जोडली. 18 मार्च 2007 ला पुन्हा तसाच बांध फुटला, तेव्हा रस्ते आणि गाड्या वेळेत थांबवल्या गेल्या आणि एकही माणूस दगावला नाही. डोंगर तोच, नदी तीच.

व्हियारिकाचा इतिहासही हेच सांगतो. 1964 मध्ये त्याच्या चिखलानं पायथ्याचं कोन्यारिपे गाव उद्ध्वस्त केलं, 1971 च्या डिसेंबरातही लाहारनंच माणसं मारली. म्हणून पुकोन गावात, जिथे तुमची मुलगी राहील, तिथे नगरपालिकेजवळ ज्वालामुखीचा सिग्नल बसवलेला आहे. आपल्या चौकातल्यासारखाच: हिरवा, पिवळा, लाल. देशाच्या भूगर्भ खात्याची वेधशाळा चोवीस तास हादरे मोजते, आणि त्यावरून इशाऱ्याची पातळी ठरते. रस्त्यांवर उंच जागेकडे जाण्याच्या बाणांच्या पाट्या आहेत. पोचल्या दिवशी संध्याकाळी, काही खायला बाहेर पडाल तेव्हाच त्या पाट्यांमागून चालत जाऊन यायचं, घड्याळ लावून. रात्री तीनला अंधारात वाट शोधायची वेळ आली तर पाय आधी एकदा गेलेले असले पाहिजेत. माझ्या बॅचला हे मी सक्तीनं करायला लावतो. मुलं आधी कंटाळतात, मग एकमेकांचे वेळ मोजायला लागतात.

आता वायू. हा धोका शिखरावर जाणाऱ्याचा, म्हणजे थेट तुमच्या लेकीचा.

अंजनेरीच्या वाटेवर काळ्या दगडात वाटाण्याएवढी, लिंबाएवढी भोकं दिसतात. काहींत पांढरे स्फटिक भरलेले असतात. सिन्नरच्या खाणींतले असले स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत गेलेत. ती भोकं म्हणजे लाव्ह्यातल्या वायूचे बुडबुडे. सोड्याच्या बाटलीत जसा वायू विरघळलेला असतो तसा शिलारसात असतो, आणि दाब कमी झाला की सुटतो. आपल्या दगडातला तो कोट्यवधी वर्षांपूर्वी निघून गेला. जाग्या डोंगरावर तो आत्ता निघत असतो.

इराणमधला दमावंद, जुलै महिना, पाच हजार चारशे मीटरच्या वर. शेवटच्या टप्प्यात पिवळ्या दगडांचा पट्टा लागतो, गंधकाचा. भोकाभोकांतून वाफ येत असते. नेणाऱ्या आयोजकानं मास्कची गरज नाही म्हणून सांगितलं होतं, आणि मी ते ऐकलं, ही माझी चूक. वारा बोचरा होता. आमच्यातला एक जण, देवळालीचा, चांगला दणकट गडी, वाऱ्याला आडोसा म्हणून एका खळग्यात उतरला आणि सॅकला टेकून बसला. मी दहा पावलं वर. "चल, इथे थांबायचं नाही," म्हणून हाक मारली. तो मान वर न करता म्हणाला, "बसू द्या ना दोन मिनिटं. वास पण गेला आता."

वास पण गेला. ते शब्द ऐकले आणि माझ्या पोटात खड्डा पडला. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्याचा वास येतो तो प्रमाण कमी असताना. प्रमाण वाढलं की नाकाची वास घ्यायची शक्तीच बधिर होते. वास गेला याचा अर्थ वायू गेला असा नसतो, बऱ्याचदा उलटा असतो. श्वास रोखून खाली उतरलो, सॅकचा पट्टा धरून त्याला ओढत वाऱ्यात आणला. पाच मिनिटं तो ओकत होता, मग रडायला लागला. शिखर आम्ही सोडलं आणि खाली आलो. तेव्हापासून माझ्याकडे प्रत्येकाच्या सॅकमध्ये वायूसाठीचं फिल्टर असलेला मास्क असतो. धुळीचा नाही आणि दवाखान्यातलाही नाही.

जपानच्या आदातारा पर्वतावर 1997 च्या सप्टेंबरात धुक्यात वाट चुकलेल्या गटातले चार जण या वायूनंच गेले. कार्बन डायऑक्साइड तर बिनवासाचा, हवेहून जड, खळग्यात पाण्यासारखा साचणारा. त्यात बर्फाची भर पडली की आणखी एक गोष्ट होते: वायूच्या गरम भोकावर बर्फाचा पातळ घुमट तयार होतो, वरून सपाट, आतून पोकळ. कॅलिफोर्नियातल्या मॅमथ माउंटनवर एप्रिल 2006 मध्ये स्की-गस्त पथक अशाच एका भोकाभोवतीचं कुंपण नीट करत होतं. बर्फ खचला, दोघं आत पडले. तिसरा त्यांना वाचवायला उतरला, तोही गेला. हे रोज त्या डोंगरावर काम करणारे लोक होते. म्हणून नियम: गाइडच्या पावलांवर पाऊल, आडोशाला खळग्यात बसायचं नाही, आणि कोणी आत पडलं तर मागोमाग उडी घ्यायची नाही. शेवटचं ऐकायला क्रूर वाटतं, माहीत आहे. तरी मुलीला सांगा.

विवराच्या काठावर अचानक स्फोट होऊ शकतो का? होऊ शकतो. जपानच्या ओंताके पर्वतावर 27 सप्टेंबर 2014 ला, शनिवारी दुपारी बाराच्या आत, इशारा सर्वांत खालच्या पातळीवर असताना फक्त वाफेच्या जोरावर स्फोट झाला. माथ्यावर डबे सोडून बसलेली माणसं होती. 63 जण मेले किंवा बेपत्ता झाले, कितीतरी जण उडालेल्या दगडांच्या माऱ्यानं. आपली गारपीट द्राक्षाच्या घडांचं काय करते ते तुम्ही पाहिलंय, तिथे गारांच्या जागी दगड होते. या धोक्यावर पूर्ण उपाय नाही. हेल्मेट काढायचं नाही आणि काठावर थांबायचा वेळ कमी ठेवायचा, एवढंच हातात असतं. तिथे वीस मिनिटं म्हणजे वीसच मिनिटं. आणि बर्फावरून लाव्हा हळूहळू वाहताना दिसला तर फोटोसाठी जवळ जायचं नाही. इटलीतल्या एटना ज्वालामुखीवर मार्च 2017 मध्ये असा लाव्हा बर्फावर आला, खालच्या पाण्याची एका क्षणात वाफ झाली आणि सगळं उडालं. पर्यटक आणि वाहिनीचे पत्रकार मिळून दहाएक जण जखमी झाले. तापल्या तेलात पाण्याचा थेंब पडला की काय होतं, ते स्वयंपाकघरात रोज दिसतं.

आणि आता जो धोका तिला सर्वांत जास्त आहे तो. त्यात ज्वालामुखीचा काही हात नाही. घसरणं. 2022 च्या सप्टेंबरात रशियातल्या कामचाट्काच्या क्ल्युचेव्स्काया सोप्का या बर्फाळ ज्वालामुखीवर नऊ जण गेले. उद्रेकानं नाही, पडून आणि थंडीनं. तुमची मुलगी हरिहरच्या पायऱ्या चढली असेल. कडा जवळजवळ उभा, पण दगडात हात घालायला खोबण्या कोरलेल्या आहेत. बोटं तिथे अडकतात आणि जीव वाचतो. सकाळच्या कडक बर्फावर असं काही नसतं. तिथे तुमची खोबणी म्हणजे बर्फात रोवायची कुऱ्हाड, आइस अ‍ॅक्स. घसरलात तर पोटावर पलटायचं, अ‍ॅक्सचं टोक खांद्याजवळ आणून छातीचा सगळा भार त्यावर टाकायचा आणि क्रॅम्पॉन (बुटाखाली बांधायचे टोकदार काटे) घातलेले पाय वर उचलायचे, नाहीतर क्रॅम्पॉन अडकून घोटा मोडतो. पहिल्या दोन सेकंदांत जमलं तर जमलं. हे वाचून येत नाही, सह्याद्रीत शिकताही येत नाही. उत्तरकाशी किंवा मनालीच्या गिर्यारोहण संस्थेतला प्राथमिक कोर्स झाला असेल तर उत्तम. नसेल तर पुकोनमध्ये चढाईच्या आधी एक पूर्ण दिवस बर्फावर सरावाचा मागून घ्यावा, पैसे जास्त लागले तरी. हिमालयातले दोन ट्रेक झालेत म्हणालात. त्यात तिनं क्रॅम्पॉन पायात घातले होते का, एवढं विचारा. बर्फात चालणं वेगळं आणि बर्फाच्या उतारावर उभं राहणं वेगळं.

एवढं सगळं सांगूनही मी "जाऊ द्या" म्हणतोय, त्याचं कारण सांगायला हवं.

2014 च्या जानेवारीत मी व्हियारिकावर होतो. पहाटे थंडीत सुरुवात, पाच तास नागमोडी चढ, पायाखाली क्रॅम्पॉनचा कर्र कर्र आवाज. शेवटच्या दोनशे मीटरमध्ये बर्फ पांढरा राहत नाही, त्यावर राखेचे राखाडी पट्टे दिसायला लागतात. मास्क चढवले. काठावर पोचलो तर लाव्हा दिसलाच नाही, फार खोल होता. पण आवाज होता. समुद्राची लाट खडकाच्या कपारीत शिरून परत फिरते तसा, काही सेकंदांनी एकदा, पुन्हा एकदा, कधी मध्येच चुकणारा. कानांपेक्षा छातीत जास्त लागायचा. तीस वर्षं मी ज्या दगडाबद्दल वाचलं, ज्या दगडावर वाढलो, ज्यात पांडवलेणी कोरलेली पाहिली, तो दगड माझ्यापुढे अजून व्हायचा होता. मागे वळलो तर खाली निळी तळी, पलीकडे लानिन, उत्तरेला यायमा, तेही ज्वालामुखी, तेही पांढरे. मी मास्कच्या आत रडत होतो.

रात्री तळ्याकाठी गेलो. पुकोनच्या किनाऱ्यावरची वाळू काळी आहे, आपल्या काळ्या दगडाची खडी बारीक केल्यासारखी. डोंगर अंधारात नुसता पुसट पांढरा, आणि माथ्यावरच्या वाफेला खालून लाल झाक. ती झाक वाढायची, कमी व्हायची. तिथले मूळचे मापुचे लोक या डोंगराला रुकापियान म्हणतात, पियान नावाच्या शक्तीचं घर. घर म्हटलं की कोणाच्या तरी परवानगीनं जायचं असतं, हे मला त्या रात्री पटलं. चौदा महिन्यांनी त्याच घरातून दीड किलोमीटरचं कारंजं उडालं.

मुलीकडून निघण्याआधी काही गोष्टी विचारून घ्या. तिकडे अनुभवाचा पुरावा नसलेल्यांना गाइडशिवाय वर सोडत नाहीत, तेव्हा गाइड असेलच. एका गाइडमागे माणसं किती, ते विचारा. मला जास्तीत जास्त चार पटतात. मास्क वायूचा आहे ना, फिल्टर कधी बदललं? इशारा पिवळा झाला आणि विवराभोवती बंदी आली तर कंपनी काय करते? अलीकडे थांबून परत येते, दुसरा डोंगर देते, की "काही होत नाही" म्हणते? तिसरं उत्तर आलं तर पैसे बुडाले तरी चालतील, ती कंपनी नको. विम्याची पॉलिसी स्वतः वाचा. साध्या प्रवास विम्यात दोर आणि क्रॅम्पॉन लागणारं गिर्यारोहण बहुतेकदा धरलेलं नसतं. आणि सहलीत दोन दिवस मोकळे ठेवायला सांगा. हवा बिघडली किंवा दिवा बदलला तर थांबायला दिवस हातात असला पाहिजे. परतीचं तिकीट दुसऱ्या दिवशीचं असलं की शहाणी माणसंही नको त्या हवेत वर जातात. मी पाहिलंय.

चढाईच्या आदल्या रात्री तिला फोन करायला सांगा आणि एकच विचारा, दिवा कुठला आहे? हिरवा असेल तर फार काळजी करू नका, पण ओंताकेही लक्षात असू द्या. पिवळा असेल तर गाइड कुठवर नेणार ते तिच्याकडून ऐका आणि तिथून पुढे जाणार नाही असं कबूल करून घ्या. जानेवारीत चिली आपल्यापेक्षा साडेआठ तास मागे असतं. ते सकाळी सातला चढायला लागतील तेव्हा नाशिकला दुपारचे साडेतीन झालेले असतील. वर फोनला रेंज मिळेलच असं नाही, मधल्या वेळात फोन लागला नाही तर घाबरू नका. उतरून, बूट काढून, तिचा फोन येईल तो आपल्याकडे रात्री एक-दीडच्या सुमारास. फोन चार्ज करून उशाशी ठेवा.